मोठ्या कंपनीचं कर्ज कसं वाचावं

जून २०२० मध्ये रिलायन्स इंडस्ट्रीजने आपण निव्वळ कर्जमुक्त झाल्याचं जाहीर केलं. त्याआधीच्या ५८ दिवसांत कंपनीने १,६८,८१८ कोटी रुपये उभे केले होते. त्यातले १,१५,६९३ कोटी जिओ प्लॅटफॉर्म्स या आपल्या उपकंपनीतला हिस्सा फेसबुक आणि इतर गुंतवणूकदारांना विकून, तर ५३,१२४ कोटी हक्कभाग विक्रीतून, म्हणजे आधीच्या भागधारकांना नवे शेअर देऊन. ३१ मार्च २०२० रोजी कंपनीचं निव्वळ कर्ज १,६१,०३५ कोटी होतं. उभा केलेला पैसा त्याहून जास्त, म्हणून कंपनी कर्जमुक्त. बातमी सगळीकडे झळकली आणि ती खोटी नव्हती.

मात्र त्याच कंपनीचं २०२०-२१ चं नफा-तोटा पत्रक उघडलं, की वित्त खर्चाच्या ओळीत सुमारे २१,१८९ कोटी रुपये दिसतात. कर्ज उरलं नसेल, तर हे व्याज कशाचं?

उत्तर ‘निव्वळ’ या शब्दात आहे. मार्च २०२० अखेर कंपनीवर एकूण ३,३६,२९४ कोटींचं कर्ज होतं आणि हाताशी १,७५,२५९ कोटींची रोकड व तत्सम गुंतवणूक होती. वर्षभरानंतर, मार्च २०२१ अखेर, एकूण कर्ज २,५१,८११ कोटींवर आलं आणि रोकड २,५४,०१९ कोटींवर गेली. कर्ज फिटलेलं नव्हतं. फक्त रोकड त्याहून किंचित मोठी झाली होती. व्याज मात्र एकूण कर्जावरच धावतं. रोकडीवर मिळणारं उत्पन्न वेगळ्या ओळीत, ‘इतर उत्पन्न’ म्हणून येतं. शिवाय हक्कभागाचा प्रत्येक शेअर १,२५७ रुपयांचा होता आणि जून २०२० मध्ये त्यातले ३१४.२५ रुपयेच हाती आले होते. उरलेले हप्ते मे आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये भरायचे होते. हे सगळं जाहीर होतं. ज्याने अटी वाचल्या, त्याला ते कळलं. ज्याने फक्त मथळा वाचला, त्याचा गैरसमज झाला.

कोणत्याही मोठ्या कंपनीबाबत ‘कर्ज किती?’ एवढंच विचारून काही हाती लागत नाही. कर्ज कोणाचं आहे, कोणत्या चलनात आहे, ते कधी फेडायचं आहे, त्यावर किती व्याज पडतं आणि हे सगळं गेल्या सात-आठ वर्षांत कसं बदललं, हे विचारावं लागतं. यासाठी वित्तीय सल्लागार असण्याची गरज नाही. सूचिबद्ध कंपनीचे वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर आणि शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. एक कोरा कागद आणि दोन-तीन संध्याकाळी एवढी शिदोरी पुरते.

सुरुवात एकत्रित ताळेबंदापासून करावी. मोठी कंपनी म्हणजे अनेक उपकंपन्यांचा गट असतो आणि कर्ज बहुधा त्यांच्यातच विखुरलेलं असतं. टाटा स्टीलने २००७ मध्ये ब्रिटनमधली कोरस ही पोलाद कंपनी लिलावात ६०८ पेन्स प्रतिशेअर या भावाने जिंकली. सौदा सुमारे १२ अब्ज डॉलरचा होता. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग युरोपातल्या उपकंपन्यांच्या नावावर होता आणि त्याच्या वसुलीसाठी बँकांना भारतातल्या मूळ कंपनीकडे येता येणार नाही, अशी त्याची अट होती. टाटा स्टीलचा फक्त स्वतंत्र ताळेबंद वाचणाऱ्याला हे ओझं दिसलंच नसतं. फक्त एकत्रित ताळेबंद वाचणाऱ्याला सगळा भार जमशेदपूरवर आहे असं वाटलं असतं. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत. कागदावरची अट आणि प्रत्यक्ष व्यवहार यांतला फरकही ध्यानात घ्यावा. मूळ कंपनी कायद्याने बांधलेली नसली, तरी युरोपातल्या व्यवसायाला टाटा स्टीलला पुढे अनेक वर्षं पैसा पुरवावा लागला.

ताळेबंदाच्या मुख्य पानावर कर्जाच्या दोनच ओळी दिसतात, दीर्घ मुदतीचं आणि अल्प मुदतीचं. खरा तपशील मागच्या टिपांमध्ये असतो. बँकांचं मुदत कर्ज किती, कर्जरोखे किती, परकीय चलनातले रोखे किती, कमर्शियल पेपर, म्हणजे काही महिन्यांच्या मुदतीचे बिनतारण रोखे, किती, कशाला तारण आहे, कशाला नाही, हे तिथे लिहिलेलं असतं. कर्जरोख्यांच्या टिपेत बऱ्याचदा प्रत्येक मालिकेचा व्याजदर आणि परतफेडीची तारीखही असते. ही टीप दरवर्षी उतरवून काढली, की कंपनीच्या कर्जाचा इतिहास हातात येतो.

आकडे उतरवताना एक खड्डा टाळावा. दीर्घ मुदतीच्या कर्जाचे येत्या बारा महिन्यांत फेडायचे हप्ते पूर्वी ‘इतर’ देण्यांत दाखवले जात. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातल्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२१ पासून, ते अल्प मुदतीच्या कर्जातच दाखवावे लागतात. त्यामुळे जुन्या अहवालातला आकडा आणि नव्या अहवालातला आकडा शेजारी ठेवले, तर अल्प मुदतीचं कर्ज एकाएकी फुगल्यासारखं दिसतं. ती नुसती जागेची अदलाबदल असते. नव्या अहवालात मागच्या वर्षाचे आकडे नव्या मांडणीत दिलेले असतात. तेच घ्यावेत.

कर्ज म्हणून नोंदलेलं तेवढंच कर्ज असतं असं नाही. दूरसंचार क्षेत्र याचं सर्वांत ठळक उदाहरण. २०२२ च्या फाइव्ह-जी लिलावात जिओने ८८,०७८ कोटींच्या लहरी (स्पेक्ट्रम) घेतल्या. त्याचे पैसे २० वार्षिक हप्त्यांत आणि ७.२ टक्के व्याजाने सरकारला द्यायचे आहेत. रिलायन्सच्या एकत्रित ताळेबंदात हे देणं कर्जाच्या ओळीत येत नाही, ते पुढे ढकललेल्या देण्यांच्या वेगळ्या ओळीत असतं. पण व्याज पडतं आणि तारीख चुकवता येत नाही, मग ते कर्ज नाही तर काय? कंपनीने स्वतःही त्याला तसंच वागवलं आहे. जानेवारी २०२२ मध्ये जिओने आधीच्या लिलावांची ३०,७९१ कोटींची देणी मुदतीआधी फेडली. त्यावर ९.३० ते १० टक्के व्याज होतं आणि वर्षाला सुमारे १,२०० कोटींचं व्याज वाचेल, असं कंपनीने तेव्हा सांगितलं.

व्होडाफोन आयडियाच्या बाबतीत तर ही ओळच सर्वस्व आहे. मार्च २०२४ अखेर तिच्यावर बँकांचं कर्ज पाच हजार कोटींहूनही कमी होतं. सरकारचं देणं मात्र दोन लाख कोटींच्या वर. नुसतं बँककर्ज पाहणाऱ्याला ही कंपनी सुदृढ वाटेल. सरकारच्या देण्यांपैकी काहींच्या बदल्यात सरकारला शेअर द्यावे लागले आणि २०२५ मध्ये केंद्र सरकारचा हिस्सा ४९ टक्क्यांच्या जवळ पोहोचला.

भाडेकराराची देणी १ एप्रिल २०१९ पासून नव्या लेखामानकामुळे ताळेबंदात येऊ लागली. त्याआधीच्या वर्षांशी तुलना करताना ती बाजूला काढावीत. बेमुदत रोखे हा आणखी एक प्रकार. टाटा स्टीलने २०११ मध्ये ११.८० आणि ११.५० टक्क्यांचे असे २,२७५ कोटींचे रोखे विकले होते. परतफेडीची ठरलेली तारीख नसल्याने ते कर्जात धरले जात नसत, भागधारकांच्या निधीजवळ दाखवले जात. त्यावरचं व्याजही वित्त खर्चाच्या ओळीत येत नसे. पोलादाचे दिवस सुधारल्यावर २०२१ मध्ये कंपनीने हे महाग रोखे परत घेऊन टाकले. शेवटी संभाव्य देण्यांची टीप वाचावी. उपकंपन्यांच्या किंवा भागीदारांच्या कर्जाला दिलेल्या हम्या तिथे असतात. हमी दिलेली कंपनी बुडाली, की ते देणं एका रात्रीत आपलं होतं.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, परतफेडीचं वेळापत्रक. कंपन्या फार कर्जाने बुडतात असं म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेकदा त्या एखाद्या ठरावीक तारखेला बुडतात.

मुंबईतल्या वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या आयएल अँड एफएसचं उदाहरण प्रत्येक गुंतवणूकदाराने पाठ करावं असं आहे. १९८७ मध्ये सेंट्रल बँक, यूटीआय आणि एचडीएफसी यांनी ती उभी केली. पुढे एलआयसी तिची सर्वांत मोठी भागधारक झाली. रस्ते, बोगदे, वीजप्रकल्प अशा कामांत तिचा पैसा गुंतलेला होता. एप्रिल २०१७ मध्ये खुला झालेला जम्मू-काश्मीरमधला नऊ किलोमीटरचा चेनानी-नाशरी बोगदा याच गटाने बांधला. अशा कामांचा पैसा पंधरा-वीस वर्षांत सावकाश परत येतो. पण त्यासाठीच्या कर्जाचा बराच भाग काही महिन्यांच्या कमर्शियल पेपरवर आणि अल्प मुदतीच्या ठेवींवर उभा होता. जुना पेपर फेडायला नवा पेपर काढायचा, हे चक्र वर्षानुवर्षं चाललं.

२०१८ च्या ऑगस्टपर्यंत मूळ कंपनीला सर्वोच्च ‘ट्रिपल ए’ मानांकन होतं. सप्टेंबरमध्ये हप्ते चुकले आणि काही दिवसांत ते ‘डी’वर, म्हणजे थेट थकबाकीदाराच्या पायरीवर आलं. १ ऑक्टोबर २०१८ रोजी सरकारने संचालक मंडळ बरखास्त करून उदय कोटक यांच्या नेतृत्वाखाली नवं मंडळ नेमलं. गटात साडेतीनशेच्या आसपास कंपन्या आणि सुमारे ९१,००० कोटींचं कर्ज निघालं. यात अनेक भविष्य निर्वाह निधींचा, म्हणजे पगारदार माणसांच्या म्हातारपणाचा पैसा अडकला. मानांकनाची तीन अक्षरं पाहून तो तिथे ठेवलेला होता. हे फार दुःखदायक आहे, कारण धोक्याची खूण त्याआधीच ताळेबंदात होती.

ही खूण शोधणं अवघड नाही. आर्थिक जोखमीच्या टिपेत परतफेडीचा तक्ता असतो. एका वर्षाच्या आत, एक ते तीन किंवा एक ते पाच वर्षांत आणि त्यानंतर किती देणं आहे, हे त्यात रकान्यांत मांडलेलं असतं. पहिल्या रकान्यातली रक्कम घ्यावी. तिच्यासमोर तीन गोष्टी ठेवाव्यात: हातातली रोकड, बँकांनी मंजूर केलेली पण न उचललेली मर्यादा आणि मागच्या वर्षी धंद्यातून प्रत्यक्ष आलेला पैसा. तिन्हींची बेरीज पहिल्या रकान्याच्या वर असेल, तर कंपनीला वर्षभराची उसंत आहे. खाली असेल, तर कंपनी बाजाराच्या दयेवर आहे. बाजार कधी पाठ फिरवेल, याची तारीख आधी कोणी सांगत नाही.

मग हेच गणित मागच्या पाच-सात वर्षांसाठी करावं. एकूण कर्जात एका वर्षाच्या आत फेडायच्या कर्जाचा वाटा दरवर्षी वाढत चालला असेल, तर सावध व्हावं. कंपनी स्वस्त पडतं म्हणून अल्प मुदतीचं कर्ज घेते आहे की लांब मुदतीचं कोणी द्यायलाच तयार नाही म्हणून, हे शोधावं. पहिलं कारण असेल तर ती जोखीम आहे. दुसरं असेल तर तो इशारा आहे.

आयएल अँड एफएसच्या दुसऱ्या टोकाला रिलायन्स आहे. १९९७ मध्येच तिने अमेरिकी बाजारात शंभर वर्षांच्या मुदतीचे रोखे विकले. जानेवारी २०२२ मध्ये चार अब्ज डॉलर उभे केले, तेही तीन मुदतींत: २०३२ मध्ये फेडायचे दीड अब्ज २.८७५ टक्क्यांनी, २०५२ मध्ये फेडायचे पावणेदोन अब्ज ३.६२५ टक्क्यांनी आणि २०६२ मध्ये फेडायचे ७५ कोटी डॉलर ३.७५ टक्क्यांनी. वेळ लक्षात घ्यावी. दोनच महिन्यांनी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने दर वाढवायला सुरुवात केली. जवळपास शून्यावरचा दर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला. पैसा स्वस्त असताना लांब मुदतीचं कर्ज घेऊन ठेवणं, हे चांगल्या वित्त विभागाचं लक्षण आहे. रोख्यांच्या टिपेतल्या तारखा आणि दर यांवरून ते ओळखता येतं.

व्याजाचा खर्च मोजायची साधी रीत अशी. वर्षाच्या सुरुवातीचं आणि शेवटचं एकूण कर्ज यांची सरासरी काढावी आणि वित्त खर्चाला तिने भागावं. रिलायन्सचे एकत्रित आकडे घेतले, तर २०२०-२१ मध्ये २१,१८९ कोटींना सुमारे २.९४ लाख कोटींनी भागून ७.२ टक्के येतात. २०२१-२२ मध्ये वित्त खर्च १४,५८४ कोटींवर उतरला आणि सरासरी कर्ज २.५९ लाख कोटींच्या आसपास होतं. दर आला साधारण ५.६ टक्के. पुढच्या वर्षी खर्च १९,५७१ कोटी, दर ६.७ टक्के. २०२३-२४ मध्ये २३,११८ कोटी आणि पुन्हा ७.२ टक्के.

या दराला अचूक समजू नये. भागाकारातल्या वरच्या आकड्यात, म्हणजे वित्त खर्चात, भाडेकराराचं आणि लहरींच्या हप्त्यांचं व्याज धरलेलं असू शकतं, खालच्या आकड्यात, म्हणजे सरासरी कर्जात, ती देणी धरलेली नाहीत. परकीय चलनातल्या कर्जावरचा विनिमय तोटाही काही प्रमाणात व्याजाच्या खर्चात धरला जातो. म्हणून पातळीपेक्षा दिशेवर विश्वास ठेवावा, आणि दिशा बदलली की कारण विचारावं.

कारणं तीनच असू शकतात: कर्ज वाढलं, बाजारातले दर वाढले, किंवा या विशिष्ट कंपनीकडून बाजार जास्त मागू लागला. रिलायन्सच्या बाबतीत पहिली दोन दिसतात. एकूण कर्ज मार्च २०२२ मधल्या २.६६ लाख कोटींवरून मार्च २०२४ मध्ये ३.२५ लाख कोटींच्या घरात गेलं. त्याच काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला होता. तिसरं कारण तपासायचं, तर कंपनीचा नवा रोखा आणि त्याच मुदतीचा सरकारी रोखा यांतलं अंतर पाहावं. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिलायन्सने दहा वर्षांचे २०,००० कोटींचे रोखे ७.७९ टक्क्यांनी विकले. तेव्हा दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा ७.३ टक्क्यांच्या आसपास होता. अंतर साधारण अर्धा टक्का. डॉलरचा २.८७५ टक्के आणि रुपयाचा ७.७९ टक्के हे दर एकमेकांशी लावून पाहू नयेत. चलन वेगळं आणि काळ वेगळा. प्रत्येकाला आपापल्या सरकारी रोख्याशी लावावं. जानेवारी २०२२ चा दहा वर्षांचा डॉलर रोखा अमेरिकी सरकारी रोख्याच्या १.२ टक्के वर विकला गेला होता. हे अंतर म्हणजे कंपनीवर बाजाराचा किती विश्वास आहे याचं मोजमाप. बाजारातले दर उतरत असताना एखाद्या कंपनीचं हे अंतर रुंदावत असेल, तर ती बातमी गंभीर आहे.

व्याजाचा आकडा दडून राहण्याची एक पूर्णपणे कायदेशीर जागा आहे, आणि वाचक सगळ्यांत जास्त तिथेच फसतो. नवा प्रकल्प उभा राहत असताना त्याच्या कर्जावरचं व्याज नफा-तोटा पत्रकात येत नाही, ते प्रकल्पाच्या किमतीत मिसळतं. लेखामानकच तसं सांगतं. २०१६-१७ मध्ये रिलायन्सचं एकूण कर्ज १,९६,६०१ कोटी होतं आणि एकत्रित वित्त खर्च अवघा ३,८४९ कोटी. म्हणजे दोन टक्के. भारतात कोणालाही दोन टक्क्यांनी कर्ज मिळत नव्हतं. जिओचं जाळं तेव्हा हिशोबाच्या दृष्टीने उभारणीतच होतं आणि त्याचं व्याज मालमत्तेत जमा होत होतं. जिओचा व्यवसाय हिशोबात सुरू झाल्यावर २०१७-१८ मध्ये हा खर्च ८,०५२ कोटींवर आणि २०१८-१९ मध्ये १६,४९५ कोटींवर गेला. दोन वर्षांत व्याज चौपटीहून अधिक वाढलं. कर्ज मात्र २,८७,५०५ कोटींपर्यंत, म्हणजे निम्म्याहूनही कमी वाढलं होतं. ज्याने आधी टीप वाचली होती, त्याला याचं आश्चर्य वाटलं नाही. तेव्हा वित्त खर्चाच्या टिपेत भांडवली खात्यात नेलेलं व्याज शोधावं आणि ते परत मिळवून मग दर काढावा. किंवा सरळ रोकड प्रवाहाच्या पत्रकात जावं. तिथे ‘भरलेलं व्याज’ अशी ओळ असते, आणि प्रत्यक्ष बाहेर गेलेला पैसा झाकता येत नाही.

दर पुढे कुठे जाईल याचा अंदाज बांधायला आणखी एक आकडा उपयोगी पडतो. कर्जातलं किती स्थिर दराचं आणि किती बदलत्या दराचं, हे जोखमीच्या टिपेत असतं, आणि दर अर्धा किंवा एक टक्क्याने हलला तर नफ्यावर किती परिणाम होईल हेही कंपनी तिथेच सांगते. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर साडेसहावरून साडेपाचवर आला, तेव्हा बदलत्या दराचं रुपयातलं कर्ज असलेल्या कंपन्यांना त्याचा लाभ लवकर मिळू लागला. सगळं कर्ज स्थिर दराचं असलेल्यांना रोख्यांची मुदत संपेपर्यंत थांबावं लागणार.

आता हे ओझं कंपनीला पेलतं का? त्यासाठी सर्वाधिक वापरलं जाणारं गुणोत्तर म्हणजे निव्वळ कर्ज भागिले एबिटडा, म्हणजेच व्याज, कर आणि घसारा धरण्याआधीचा नफा. आकडा तीनच्या आत बरा, पाचच्या वर चिंतेचा, असं ढोबळ मानानं धरतात. पण टाटा स्टीलचे पाच वर्षांचे आकडे पाहिले, की हे गुणोत्तर एकट्याने किती दिशाभूल करतं ते कळतं. मार्च २०२० अखेर तिचं निव्वळ कर्ज सुमारे १.०५ लाख कोटी होतं आणि गुणोत्तर जवळजवळ सहा. मार्च २०२२ अखेर कर्ज सुमारे ५१,००० कोटींवर आलं आणि गुणोत्तर ०.८ झालं. कर्ज निम्म्यावर, गुणोत्तर मात्र सातव्या हिश्श्यावर. कारण त्या वर्षी पोलादाचे भाव प्रचंड चढले होते आणि एबिटडा १७-१८ हजार कोटींवरून जवळपास ६४ हजार कोटींवर गेला होता. पुढे भाव उतरले. मार्च २०२४ अखेर निव्वळ कर्ज ७७,५५० कोटी, एबिटडा सुमारे २३,४०० कोटी आणि गुणोत्तर पुन्हा ३.३. दोन वर्षांत कर्ज दीडपट झालं, गुणोत्तर चौपट.

पोलाद, साखर, सिमेंट, जहाजवाहतूक, रसायनं अशा चढउताराच्या धंद्यांत म्हणून एका वर्षाच्या नफ्याने भागूच नये. सात-आठ वर्षांच्या सरासरी नफ्याने भागावं, आणि मग सर्वांत वाईट वर्षाच्या नफ्याने भागून पाहावं. त्या वाईट वर्षीही व्याज किमान दीडपट तरी भरून निघत होतं का, हा प्रश्न कोणत्याही सुरेख आलेखापेक्षा मोलाचा आहे. टाटा स्टीलने चांगल्या वर्षांत कर्ज झपाट्याने फेडलं, हे तिच्या व्यवस्थापनाच्या बाजूने सांगायला हवं. चांगल्या वर्षात फेडणारे आणि चांगल्या वर्षात आणखी कर्ज काढणारे, अशा दोन जातींच्या कंपन्या असतात. सात वर्षांचा कागद कोणती कंपनी कोणत्या जातीची, ते सांगून टाकतो.

परकीय कर्जाबद्दल पुण्याच्या सुझलॉनचा अनुभव पुरेसा बोलका आहे. पवनचक्क्यांच्या भरभराटीच्या काळात कंपनीने परदेशात मोठ्या कंपन्या विकत घेतल्या आणि डॉलरमधले परिवर्तनीय रोखे विकले. शेअर वाढेल, रोखेधारक रोख्यांच्या बदल्यात शेअर घेतील आणि पैसे परत द्यावेच लागणार नाहीत, असं या रोख्यांचं गणित असतं. २००८ नंतर शेअर कोसळला, म्हणून कोणी शेअर घेतले नाहीत. २००७ मध्ये चाळिशीच्या आसपास असलेला डॉलर २०१२ मध्ये पन्नाशीच्या पुढे गेला, म्हणून देणं रुपयांत फुगलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये वीस कोटी डॉलरहून थोड्या जास्त रकमेचा हप्ता चुकला. पुढे कर्जाची फेररचना झाली, २०१५ मध्ये जर्मनीतली सेन्व्हिऑन विकावी लागली आणि कंपनी सावरायला एक दशक गेलं. परकीय कर्ज वाईट नसतं. पण त्यातलं किती विनिमय करारांनी सुरक्षित केलेलं आहे आणि कंपनीचं उत्पन्न डॉलरमध्ये येतं की रुपयांत, या दोन गोष्टी टिपेत पाहिल्याशिवाय त्याचा स्वस्त दर पाहून भुलू नये.

मानांकन वाचावं, पण त्याच्या अक्षरांपेक्षा त्याचं कारणपत्र वाचावं. क्रिसिल, इक्रा, केअर, इंडिया रेटिंग्ज या संस्था ते फुकट उपलब्ध करून देतात. मानांकन कशामुळे खाली येऊ शकतं, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. रोखे सूचिबद्ध केलेल्या कंपन्यांना सेबीच्या नियमांनुसार दर तिमाहीला व्याज आणि मुद्दल फेडण्याच्या क्षमतेची गुणोत्तरं निकालांसोबत द्यावी लागतात. तीही सात-आठ तिमाहींची एका रांगेत मांडावीत. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणत्या बँकेच्या नावे किती बोजा नोंदलेला आहे, ते दिसतं. प्रवर्तकांनी आपले शेअर गहाण ठेवले असतील, तर ती माहिती शेअर बाजाराकडे असते. आणि डेट म्युच्युअल फंडांच्या पंधरवड्याच्या यादीत एखाद्या कंपनीच्या रोख्यावरचा परतावा शेजारच्या कंपन्यांपेक्षा बराच जास्त दिसू लागला, तर त्याकडे मानांकनाच्या आधी लक्ष द्यावं. बाजार संस्थांच्या आधी घाबरतो, हे वारंवार दिसलं आहे.

ज्यांच्या घरात एखाद्या कंपनीचे कर्जरोखे किंवा मुदत ठेव आहे, त्यांनी हा अभ्यास त्या एका कंपनीपासून सुरू करावा. भागधारकाला निदान नफ्यातला वाटा मिळण्याची आशा असते. ठेवीदाराला ठरलेल्या व्याजापलीकडे काहीच मिळणार नसतं, गमावायचं मात्र मुद्दल असतं. बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त देणारी कंपनी ते का देते आहे, याचं उत्तर तिच्या परतफेडीच्या तक्त्यात सापडतं. तो तक्ता वाचल्याशिवाय अर्जावर सही करू नये.